नाचेल त्याला केक

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आजवर मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहिणार तरी काय. तुला वाचता येत नव्हतं, मला चौथीच्या पुढं शाळा नव्हती, आणि आपल्या दोघींना जे बोलायचं ते चुलीपाशी बोलून होत होतं. आता चूल नाही, तू नाहीस, आणि डोक्यात जे भणभणतंय ते ऐकायला माणूस नाही. शेजारणीला अर्धं सांगून बघितलं. ती म्हणाली, एवढंच व्हय? तिला म्हटलं, जाऊ दे, तुझं दूध उतू जाईल. म्हणून बसले लिहायला. अक्षर वेडंवाकडं आहे, तुला त्याचं काय.

आधी तुला हे सांगते की मी कुठं आहे. तू गेलीस तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता बसवर छत्रपती संभाजीनगर लिहितात. मी गारखेड्यात राहते, दोन खोल्या आहेत, नळ घरात आहे. वाळूजकडं कंपनीत कामाला जाते, कंपनीची गाडी येते न्यायला. तिथं मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम असतं, सगळ्या बायाच लागतात त्याला, कारण पुरुषांची बोटं जाड आणि तोंड चालू. आमच्या रांगेला लाईन म्हणतात. मी त्या लाईनवर सगळ्यात जुनी. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरी आज दुसऱ्या कंपन्यांत सुपरवायझर आहेत, आणि मी मात्र अजून ठेकेदाराच्या यादीत. कायम नाही. ठेकेदारानं उद्या येऊ नको म्हटलं की नको. आता यंदा आमच्या लाईनची लीडर बाळंतपणाला गेली, ती परत येणार नाही म्हणून कळवलं, आणि तोवर लाईन मी बघते. लीडर झाले की कंपनीच्या रजिस्टरवर नाव लागतं, माय. कायम. मोठे साहेब म्हणाले, काम तर तुम्हाला येतं, पण बाहेरचे पाहुणे येतात, त्यांच्यापुढं दोन वाक्यं इंग्रजीत बोलता आली पाहिजेत. मी म्हटलं, शिकवा. मग बोलीन.

म्हणून दर शनिवारी शिफ्ट सुटल्यावर कॅंटीनमध्ये इंग्रजीचा क्लास सुरू झाला. शिकवायला एक पोरगी येते, गारखेड्यातलीच, माझ्या लेकीएवढी, केस मोकळे सोडलेले, हसरी. मला ताई म्हणते. ती काय शिकवते, तर कंपनीत साहेबलोक जे बोलतात ते. ते सरळ बोलतच नाहीत, माय. काम शिकून घे म्हणायचं असलं तर म्हणतात, दोऱ्या शिकून घे. का, तर म्हणे पूर्वी जहाजावर नवा गडी आला की आधी शिडाच्या दोऱ्या कोणती कुठं बांधायची ते शिकायचा. कचेरीत काम अडकलं तर म्हणतात लाल फीत, कारण इंग्रजांच्या राजाचे कागद लाल फितीनं बांधायचे. ते मला लगेच पटलं. गंगापूरच्या तहसिलात लाल फडक्यात बांधलेली गाठोडी आपण दोघींनी दिवसभर बघत बसून काढली आहेत. नोकरीवरून काढलं तर म्हणतात पिशवी दिली. पूर्वी कारागीर आपली हत्यारं पिशवीत घालून कामाला यायचा, मालकाला नको झाला की मालक पिशवी त्याच्या हातात द्यायचा. आमच्या लाईनवर एक पैठणची पोरगी आहे, खोली करून राहते, जीभ लई चालते तिची. ती मागून म्हणाली, “मॅडम, त्यांना पिशवी तर द्यायचे. आपल्याला आपलीच पिशवी गेटवर तपासून देतात.” सगळ्या हसल्या. मी पण हसले. मला क्लास आवडायला लागला होता. आपल्या शब्दांच्या मागं जशा गोष्टी असतात तशा त्यांच्याही असतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग एका शनिवारी तिनं डेडलाइनची गोष्ट सांगितली. डेडलाइन आमच्या फळ्यावर रोज लिहिलेली असते. अमुक माल, डेडलाइन शुक्रवार. मी इतकी वर्षं ते वाचते, मला वाटायचं मुदत, दुसरं काय. ती पोरगी हसत हसत सांगते, अमेरिकेत आपसात लढाई झाली, तेव्हा पकडलेल्या शिपायांना उघड्या आवारात ठेवलं होतं. कुंपणाच्या आत एक रेघ होती. ती रेघ ओलांडली की वरचा पहारेकरी विचारत नव्हता, गोळी घालायचा. ती रेघ म्हणजे डेडलाइन. “आणि आता आपण रिपोर्टची डेडलाइन म्हणतो! इंटरेस्टिंग ना?” बाया म्हणाल्या, अगं बया. आणि समोशावर चटणी घेतली. माझ्या हातातला समोसा हातातच राहिला. कॅंटीनच्या काचेतून आमच्या लाईनचा फळा दिसतो, मी तिकडं बघत होते. त्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं, आणि त्याच्या खाली रंगीत खडूनं रेघ मारलेली होती, ठळक दिसावी म्हणून. ती रेघ मीच मारली होती. मी रोज मारते.

पण खरं सांगायचंय ते हे नाही.

आमच्या कंपनीत एक रीत आहे. कुठल्याही लाईननं मोठी ऑर्डर वेळेआधी संपवली की कॅंटीनमध्ये कार्यक्रम होतो. टेबलावर केक ठेवतात, समोर खुर्च्या मांडतात, साहेबलोक बसतात, आणि त्या लाईनच्या बाया नाचतात. साहेब नंबर काढतात. जी चांगली नाचेल तिला केक. ही रीत मी आले तेव्हापासून आहे, मी स्वतः नाचले आहे, एकदा माझा नंबर पण आला होता आणि केक मी गाडीत मांडीवर धरून घरी आणला होता. कुणाला त्यात कधी काही वाटलं नाही. यंदा आमच्या लाईननं पुण्याच्या लोकांची मोठी ऑर्डर आधीच संपवली. पुण्याहून पाहुणे येणार. एचआरचे सर आहेत, तरुण माणूस, सारखा फोन कानाला. ते मला म्हणाले, “ताई, यावेळी काहीतरी हटके करा.” तर मीच सुचवलं, माय, मी. म्हटलं, नुसतं गाणं लावून धांगडधिंगा नको, पोरींनी जोड्या करून नऊवारी नेसून दारापासून टेबलापर्यंत ठुमकत यावं, साहेबांसमोर गिरकी घ्यावी, आणि ज्या जोडीचं चालणं झकास त्यांना केक. सर खूश. म्हणाले, “अरे वा, एकदम केकवॉक! कार्यक्रमाचं नाव हेच ठेवू.” केकवॉक मला क्लासमुळं ठाऊक होतं. एखादं काम हसत खेळत झालं तर म्हणतात केकवॉक होतं. पाहुण्यांपुढं मला जी दोन वाक्यं बोलायची होती त्यात एक हेच होतं, की ही ऑर्डर आमच्या लाईनला केकवॉक होती. मी ते घोकत होते, भांडी घासताना, गाडीत, सगळीकडं. तोंडात तो शब्द चांगला घोळायचा.

क्लासच्या पोरीनं सगळ्यांना अभ्यास दिला, एकेक शब्द घ्या आणि त्याच्या मागची गोष्ट शोधून आणा. मी हात वर केला, मला केकवॉक द्या. मनात हे की कार्यक्रमात माईकवर ती गोष्ट पण सांगू, साहेब चाट पडतील. तर मागच्या रविवारी मी दुपारी ज्वारी निवडायला बसले आणि फोनला विचारलं. आता फोनला मराठीत विचारलं तर तो मराठीत बोलतो, माय, बाईच्या आवाजात. मी विचारलं, केकवॉक शब्द कुठून आला. आणि तो सांगायला लागला.

अमेरिकेत गुलाम होते. विकत घेतलेली माणसं. कापसाच्या शेतात राबायची, बाया पण, लेकरं पण. त्यांचा मालक सणासुदीला त्यांना आपल्या घरापुढं बोलवायचा. त्यांनी चांगले कपडे घालून, जोड्या करून, चालत नाचत यायचं. मालक आणि त्याची बायको खुर्च्यांवर बसून बघायचे. ज्या जोडीचं चालणं आवडलं तिला मालक केक द्यायचा. तो केकवॉक.

सूप माझ्या हातात होतं. मी फोनला म्हटलं, परत सांग. त्यानं परत सांगितलं, तेच, त्याच आवाजात, जसं काही हवामान सांगतोय. कापूस, चांगले कपडे, जोड्या, खुर्च्या, केक. मला वाटलं कुणीतरी आमच्या कॅंटीनमध्ये येऊन बघून गेलं आणि लिहून ठेवलं. पण ते लिहिलेलं कधीचं, आणि कुठलं. मी तर अमेरिका नकाशात दाखव म्हटलं तर दाखवू शकणार नाही. मग जोड्या करायचं मला कुणी सांगितलं? दारापासून टेबलापर्यंत चालायचं कुणी सांगितलं? ज्वारी तशीच राहिली, चिमण्यांनी खाल्ली.

आणि तेव्हा मला तो लाडू आठवला. कसा नाही आठवणार.

मी तिसरीत असेन. लासूर स्टेशनचा बॅंड आलेला, पाटलाच्या थोरल्या पोराची वरात आपल्या गल्लीच्या तोंडावरून चालली आहे. बॅंड वाजतोय आणि मला राहवत नाही. मी पुढं घुसते आणि नाचते. अशी नाचते की बाजेवाला माझ्याकडं तोंड करून वाजवायला लागतो. माणसं गोल करतात. पाटलाची बायको हसते, म्हणते, काय गं पोर नाचती ही! आणि परातीतला एक लाडू माझ्या हातावर ठेवते. मोठा, तुपाचा. मी धावत घरी येते. तू मोंढ्यावरून धान्य चाळून नुकती आलेली आहेस, केसांत भुसा आहे, तव्यावर भाकरी आहे. तू लाडू बघतेस आणि भाकरी उलटायची थांबतेस.

“कुणी दिला?”

“पाटलीणबाईनं.”

“कशापाई?”

“मी नाचले.”

“नाच म्हणलं कुणी?”

“कुणी नाय. मी आपली नाचले.”

“मंग लाडू कशापाई दिला?”

तू तवा खाली उतरवलास, माझा हात धरलास आणि मला तशीच घेऊन पाटलाच्या दारात गेलीस. मांडवात सगळी माणसं जेवत होती. तू उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिलीस आणि पाटलीणबाईला हाक मारलीस. ती आली. तू म्हणालीस, “बाई, लेकीकडं तुमचा लाडू आलाय. ती हौसेनं नाचली. तिची मजुरी नाय घेत आम्ही.” ती बिचारी म्हणाली, अगं लेकरू आहे, खाऊ दे. तू म्हणालीस, “लेकरू हाय म्हणूनच आणला.” आणि लाडू परातीत ठेवलास, फेकला नाहीस, ठेवलास. येताना तू मला सांगितलंस की तुझा बाप, म्हणजे माझा आजा, गावातल्या प्रत्येक वरातीपुढं हलगी वाजवत नाचायचा, वाजवायलाच लागायचं, नाही म्हणायची सोय नव्हती, आणि लोक लांबून त्याच्या धोतराच्या ओच्यात लाडू टाकायचे, तो झेलायचा, खाली पडला की लोक हसायचे. धम्म घेतला त्या दिवशी त्यानं ती हलगी चुलीत घातली. तू म्हणालीस, “नाचायचं तर आपल्या अंगणात नाच. मी वाजवते ताट.” मला लई राग आला होता तुझा. मी म्हटलं, ताट नको, लाडू पायजे होता. तू मला मारलं नाहीस. दुसरी कुणी असती तर पाठीत दिला असता.

तर सोमवारी मी एचआरच्या सरांकडं गेले. दार वाजवायची सवय मला नाही, सरळ आत. म्हटलं, “सर, शनिवारचं चालणं रद्द करा.”

“का ताई? कोण आजारी पडलं?”

मी सांगितलं. त्यांनी फोन काढून बघितलं, वाचलं, आणि खरंच त्यांचा चेहरा उतरला. “बाप रे,” म्हणाले. “मला माहीतच नव्हतं.” मग म्हणाले, “पण ताई, हे तिकडचं. आपण नाव बदलून टाकू ना. आनंदसोहळा ठेवू.”

“नाव बदललं की खुर्च्या हलतात का?”

“म्हणजे?”

“खुर्च्या तिथंच. केक तिथंच. बसणारे तुम्ही, नाचणाऱ्या आम्ही. नावाचं काय घेऊन बसला?”

ते डोकं खाजवायला लागले. माणूस वाईट नाही, माय, राग धरू नकोस. म्हणाले, “ताई, कसं सांगू. लीडरसाठी तुमचंच नाव वर गेलंय. पाहुण्यांपुढं लाईन तुम्हीच दाखवणार. आत्ता ऐनवेळी कार्यक्रम नाही म्हटलं तर मोठे साहेब विचारतील, ही बाई पोरींना सांभाळू शकत नाही का. मला तुमचं काम झालेलं पाहिजे.” ते खरंच बोलत होते. मी तिथं उभी, आणि मला एकदम दिसलं की मी नाही म्हटलं तर मी ठेकेदाराच्या यादीतच मरणार. पण तोंडातून गेलं, “लाईनला मी विचारते. नाही म्हणाल्या तर नाही.”

मला वाटलं होतं बाया ऐकतील आणि माझ्यासारख्याच हादरतील. डबे सोडताना मी सगळं सांगितलं, गुलाम, कापूस, खुर्च्या. आणि तुझा लाडू पण सांगितला, कधी कुणाला सांगितला नव्हता तो. मग एक म्हणाली, “मावशी, पण मी साडी भाड्यानं आणलीय.” दुसरी म्हणाली, आम्ही तर कधीच्या प्रॅक्टिस करतोय. मी म्हटलं, अगं तुम्हाला काही वाटत नाही का? तर एक पोरगी, कालची आलेली, माझ्या तोंडावर म्हणाली, “तुमच्या मायनं तुमाला नाचू दिलं नाय, म्हणून आमी पण बसायचं का? आमी हौसेनं नाचतो. घरी कोण नाचू देतं? सासू का नवरा?”

माझ्या लाईनवर मला असं उलट कुणी बोललं नव्हतं. आणि वर ती खोटंही बोलत नव्हती.

पैठणवाली तेवढ्यात घास थांबवून म्हणाली, “मावशी, एक मिनिट. त्या फोननं अजून काय सांगितलं? ते नाचायचे कसे?”

ते मी सांगायचं विसरले होते. म्हटलं, “असं म्हणतात की ते मालकाच्याच चालीची नक्कल करायचे. मालक आणि मालकीण नटूनथटून मान ताठ करून चालायचे ना, तसं.”

“आणि मालकाला?”

“त्याला कळायचं नाय म्हणे. तो आपला हसायचा आणि केक द्यायचा.”

“या अल्ला,” म्हणाली ती, ती तशी म्हणते, तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीची सवय लागलीय. “अगं मग तर करूच! असंच करू!” आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या, कोण कोणाची चाल करणार, तोंडात घास तसेच. मी म्हटलं, नोकरी घालवाल. ती म्हणाली, “कुणाला कळणार मावशी? तुमीच म्हणलात ना, कळत नाय.” मला बरं वाटलं, माय. हसू पण आलं. तुला आवडलं असतं असं वाटलं. लाडू परत देण्यापेक्षा हे बरं, असं पण वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या आठवड्यात त्या जेवणाच्या सुट्टीत पार्किंगच्या मागं प्रॅक्टिस करायच्या. मी गेले की थांबायच्या. “मावशी, तुमी तुमची इंग्रजी पाठ करा,” म्हणायच्या. मी माझं वाक्य बदलून घेतलं होतं. क्लासवाल्या पोरीला मी मधेच तिच्या घरी गाठून सांगून टाकलं की हा शब्द मी तोंडात धरणार नाही, दुसरा दे. तिनं गोष्ट ऐकली आणि तिचे डोळे भरून आले, मला वाटलं नव्हतं. तिनं साधं वाक्य दिलं, की ही ऑर्डर आम्ही सगळ्यांनी मिळून संपवली.

काल तो शनिवार झाला. पुण्याहून एक बाई आणि दोन पुरुष आले. मी लाईन दाखवली, वाक्य बोलले, बाईनं मान डोलावली. मग कॅंटीन. टेबलावर केक, समोर खुर्च्या. मी पोरींकडं निघाले तर एचआरचे सर म्हणाले, “ताई, तिकडं कुठं? तुम्ही इथं.” पहिल्या रांगेत मोठ्या साहेबांच्या पलीकडं एक खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती, माझ्या शेजारी क्लासवाली पोरगी. मी बसले. काही विचार केला नाही, माय. खुर्ची दिली, बसले.

गाणं लागलं. पहिली जोडी आली, नऊवारी, नथ, आणि एकीनं चालता चालता कमरेवरचा नसलेला पट्टा वर ओढला, मनगट डोळ्यांपुढं धरून घड्याळ बघितलं, दोन पावलांनी परत बघितलं. मोठे साहेब! हुबेहूब! एचआरचे सर तोंडावर रुमाल धरून हसायला लागले. मोठे साहेब पण टाळ्या वाजवत होते, म्हणत होते, छान, छान. दुसरी जोडी आली, एकीनं मान वाकडी करून खांद्यात फोन धरलाय, हातानं थांब थांब करतेय, हो हो हो. आता मोठे साहेब गडगडाटानं हसले, एचआरच्या सरांना कोपर मारलं, आणि सर आपले गाण्याच्या ठेक्यावर मान हलवतायत. ज्याची नक्कल त्याला सोडून सगळ्यांना कळत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून. क्लासवाली पण पोट धरून. स्टोअरचा माणूस झाला, गेटवरचा वॉचमन झाला, पिशवी तपासणारा. बाया मागं उभ्या राहून शिट्ट्या मारत होत्या.

शेवटी पैठणवाली एकटीच आली. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. मान पुढं काढलेली, कोंबडीसारखी. एकेका बाईच्या मागं जायची, थांबायची, तिच्या खांद्यावरून वाकून बघायची, आणि तिच्या कानापाशी दोन चुटक्या वाजवायची, टक टक. “हात चालव गं, हात! तोंड मंग!” पुढची. टक टक. “मी एकटीनं केलं असतं एव्हाना!” मागून बायांचा असा आरडाओरडा झाला की गाणं ऐकू येईना. इतक्या कुणाच्याच वेळी हसल्या नव्हत्या. वॉचमन हसत होता, सर हसत होते, मोठे साहेब हसता हसता माझ्याकडं बघत होते. मी पण जोरात हसत होते. हसता हसता मी क्लासवालीला विचारलं, “ही कोण गं? ही कुणाची केली?”

ती माझ्याकडं बघायला लागली. खालचा ओठ दातात धरला तिनं.

तेव्हा कळलं, माय.

मी हसणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं. तोंड तसंच उघडं ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या बाईनं केक पैठणवालीला दिला. नंतर ती पोरगी माझ्याकडं आली, नथ काढत, घामाघूम. “मावशी, रागावल्या का? मजाक होता.” मी म्हटलं, “व्हय, कळलं मला.” “पयला नंबर आला ना आपला!” म्हणाली, आणि पळाली. तिच्या मनात काही नाही. एचआरचे सर जाताना म्हणाले, ताई, अभिनंदन, साहेबांनी सही केली, सोमवारपासून तुम्ही कायम. मी थॅंक्यू सर म्हटलं. इंग्रजीतलं ते एक आधीपासून येत होतं.

तुला मी हे सांगायला बसले होते की मी नाचले नाही. ते खरं आहे. मी खुर्चीत होते.

सोमवारी मी सही करणार आहे, माय, ते पण सांगून ठेवते. सोडणार नाही मी. या जागेसाठी माझी बोटं झिजली आहेत. या लिहिलेल्या कागदाचं मी काही करणार नाही, घडी घालून डब्यांच्या खाली ठेवीन, पाठवायचा कुठं. पण एक राहिलं. आज सकाळी घरातले सगळे बाहेर गेल्यावर मी कडी लावली आणि कपाटाच्या आरशापुढं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं. ठरवून हात सरळ खाली सोडले होते. अर्ध्यात पोचले तोवर ते पाठीमागं गेले होते. पैठणवालीनं माझी चाल बरोबर केली होती.